जमुनाच्या राबाची चोरी

"बाय, माजी माती चोरली!"

झुंबरच्या हातातलं भजं हातातच राहिलं. पालघरच्या मंजुळाबाई चुरींच्या खासगी चौकशी कचेरीत पळालेल्या नवऱ्यांची प्रकरणं यायची, हरवलेल्या शेळ्यांची यायची. माती चोरीला गेल्याचं हे पहिलंच. आणि त्यांचा मदतनीस म्हणून पहिला प्रश्न झुंबरच विचारायचा.

"मातीच ना?" तो म्हणाला. "डोंगरभर पडलीय की!"

दारातल्या जमुनाने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने भजं खाली ठेवलं.

"राबाची माती, दादा. शेण, पाला, काटक्या पसरून भाजलेली. तिच्यात भाताचं रोप करायचं, न् तेच सगल्या शेतात लावायचं. पाऊस तोंडावर हाय. राब नाय तर रोप नाय. मग वरीसभर पोरांना घालू काय?"

मंजुळाबाईंनी चष्मा चढवला. "पाड्यावर परकं कोण आलं होतं?"

तिघं आले होते, तिघंही भाड्याच्या टेम्पोने. मजूर ठरवायला वीटभट्टीवाला कमलाकांत, सुकट-बोंबील विकायला नवापूरची हंसा, आणि मांडवासाठी बांबू न्यायला बोईसरच्या कारखान्यातले नागोराव.

"भट्टीवालाच!" झुंबर म्हणाला. "मातीवर तर जगतो तो."

आधी ते डोंगरउतारावर गेले. सगळी जमीन लाल मुरमाची, आणि मधोमध खरवडलेला चौकोन. कडेला राहिलेली चिमूटभर काळी माती बाईंनी तळव्यावर चोळली. हात काळा झाला, पण काही चिकटलं नाही.

कमलाकांत भट्टीवर तापलेलाच होता. "अहो बाई, आपण खालच्या खाचराची चिकण माती घेतो. मुरमाचा खडा राहिला तर वीट तडकते. राबाची माती फुकट दिली तरी नको!"

झुंबरने तपासासाठी ढिगात पाय घातला. पाय बाहेर आला, चप्पल आली नाही.

नवापुरात हंसाच्या घरामागे मिरचीचा वाफा होता. माती काळीभोर!

"सापडली!" झुंबर ओरडला आणि लगेच त्याने नाक धरलं.

"मेल्या, चोरटी म्हनतोस मला?" हंसा कमरेवर हात ठेवून म्हणाली. "बोंबलाची डोकी पुरते मी त्यात. कुजून काली झालीय. खाली दर्याची रेतीच हाय."

बाईंनी वाकून मातीतून शिंपल्यांचे पांढरे तुकडे वेचले आणि हंसाची माफी मागितली.

नागोरावांच्या चाळीच्या गॅलरीत एक अर्धा कापलेला ड्रम होता. काळी माती, तिला हळदकुंकू, आणि मध्ये ज्वारीचं मान टाकलेलं कोवळं रोप.

"ही आमच्या परभणीची काळी आई!" नागोराव छाती काढून म्हणाले. "भावकीतल्या माणसानं आणून दिली."

"आई उपाशीच हाय," चहा आणत त्यांची बायको रत्नाबाई म्हणाली. "नळाला पाणी नाही किती दिस झाले. उन्हात बसलीय, थेंब नाही तिला."

झुंबर ड्रमला टेकला. उठला तेव्हा पांढऱ्या सदऱ्यावर काळा पट्टा उमटला होता. "हा माणूस देवभोळा आहे, बाई," तो कुजबुजला. "ह्याला सोडा."

दुसऱ्या दिवशी त्याच गॅलरीत बाईंनी तिन्ही संशयितांना आणि जमुनाला जमवलं.

"कातळ एकच," त्या म्हणाल्या. "इथलाही काळा, परभणीचाही काळाच. पण पाणी प्रत्येकाला वेगळं वळण लावतं. इथल्या डोंगरावर पाऊस बदाबदा कोसळतो, मऊ माती धुऊन नेतो. मागे राहिलेलं लोखंड गंजतं, म्हणून मुरूम लाल. धुतलेली माती खाली खाचरात थांबते, ती चिकण. परभणीला पाऊस बेताचा. तिथे काही वाहून जात नाही, म्हणून माती काळी आणि खोल. ती पाण्याने फुगते, उन्हाने आक्रसते. वाळली की बोट जाईल एवढी भेगाळते."

त्यांनी ड्रमकडे बोट केलं. "हिला कित्येक दिवसांत थेंब नाही. भेग कुठाय?"

सगळे ड्रमवर वाकले. माती पिठासारखी सपाट होती.

"शिवाय झुंबरभाऊंचा सदरा हिने काळा केला. तो काळेपणा कोळशाचा." बाईंनी पेल्यातल्या पाण्यात मूठभर माती सोडली. काळं वर तरंगलं. तळाशी लाल मुरमाचे खडे बसले.

"ही तर माजी!" जमुना म्हणाली.

नागोरावांनी मान खाली घातली. "ह्या लाल मुलखात काळी दिसली अन् जीव येडा झाला, बाई. आमच्याकडं धसकटं जाळत्यात, तसं कुणाचं पडीक वावर जाळलेलं वाटलं. भाजून काळी करत्यात हे काय ठावं? मग चोरीचं कानावर आलं, अन् तोंड उघडंना."

"माती आनून टाकशील," जमुना म्हणाली, "पन राख उडाली तिची. आता परत भाजाया लागल. शेन तू वाहायचा, पाला तू तोडायचा."

"आणि झुंबरभाऊ हात लावतील," बाई म्हणाल्या.

दोघांनी पाट्या वाहिल्या. राब धुमसला, निवला. जमुनाने बी फेकलं आणि तान्ह्याला थोपटावं तसा वरून हात फिरवला. संध्याकाळी डोंगरावर ढग उतरले, तेव्हा बी मातीआड झालं होतं.

झुंबर नागोरावांना घरी पोचवायला गेला. रत्नाबाईने दार उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं बया! तोंड काळं करून कुठून आलात?"

"पेरून आलो," नागोराव म्हणाले. बोईसरला आल्यापासून हा शब्द त्यांच्या तोंडी आलाच नव्हता. त्यांनी तो पुन्हा एकदा, सावकाश म्हणून पाहिला.