बस ना मग

पडद्यामागे पाच मिनिटं पाठ टेकावी, एवढंच तिच्या मनात होतं. सकाळपासून धावून धावून पायांचे तुकडे पडायची वेळ आली होती. सभागृहाच्या मागच्या अंधारात तिला जुन्या पडद्यांचा एक ढीग दिसला. ती त्यावर धप्पकन बसली... आणि ढीग ओरडला.

"अहो, अहो! माणूस आहे इथे!"

"अगं बाई! सॉरी... मला वाटलं, नुसते पडदे आहेत."

"पडद्यांना बरगड्या असतात?"

"मी बसायला जागा शोधत होते हो."

"मग सापडली की," बरगडी चोळत तो म्हणाला आणि सरकून त्यानं जागा केली. "बसा आता नीट. मी इथला साउंडवाला. सकाळपासून वायरी ओढतोय, म्हणून जरा आडवा झालो होतो."

बसते म्हणेपर्यंत बाहेरून हाक आलीच. "मॅनेजर! अहो मॅनेजर, कुठे गेलात?" ती तशीच उठून पळाली.

मॅनेजर हे काही तिचं पद नव्हे. पोटापाण्यासाठी ती औषधांच्या खोक्यातल्या माहितीपत्रकांचं भाषांतर करायची. पण वस्तीतल्या सिनेमावेड्या मंडळींनी आफ्रिकी सिनेमांचा महोत्सव भरवायचं ठरवलं, तिकडचे दिग्दर्शक पाहुणे म्हणून बोलावले, आणि एवढं ठरवून सगळे दमल्यामुळे उरलेलं काम हिच्या गळ्यात पडलं. विमानतळ, खोल्या, खुर्च्या, फुलं, एका पाहुण्याची हरवलेली बॅग... सगळं ती. "तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त!" असं अध्यक्षकाका दिवसातून दहादा म्हणायचे. बस गं जरा, असं मात्र कुणाच्या तोंडून निघत नव्हतं.

दुसऱ्या शहरातल्या थोरल्या बहिणीनं तिच्यासाठी नोकरी पाहून ठेवली होती. "अगं, तिथे राबवून घेतात नुसते. तुला विचारतं कोण? ये निघून माझ्याकडे." महोत्सव संपला की त्याच संध्याकाळी उत्तर द्यायचं होतं. खरं सांगायचं तर तिला जायचं नव्हतं. हे गाव, हे खुळं मंडळ, सगळं तिच्या जिवाभावाचं होतं. पण ताईचा प्रश्न डोक्यातून जाईना. खरंच, कोण विचारतं?

त्यात आणखी एक विघ्न आलं. समारोपाच्या सिनेमाची जी प्रत आली, तिच्यावर सबटायटल्सच नव्हती! मग ठरलं, की संवादांचं भाषांतर करायचं आणि पडद्याच्या बाजूला बसून दोघांनी माइकवर वाचायचं. बाईचे संवाद अर्थात तीच वाचणार. पुरुषाचे वाचणार होता अध्यक्षकाकांचा नाटकवेडा भाचा, त्याचा घसा तालमीच्या पहिल्याच दिवशी बसला. राहिला कोण? साउंडवाला.

"मी? अहो मॅडम, आयुष्यभर मी माइकवर 'हॅलो, चेक, चेक' एवढंच बोललोय. अख्खं वाक्य कधी नाही."

"मग आता बोला. तुमचा आवाज..." ती थांबली.

"माझा आवाज काय?"

"ऐकू येतो."

"वा! साउंडवाल्याची एवढी तारीफ कुणी केली नव्हती."

सिनेमा होता एका बंदराच्या गावातल्या नवरा-बायकोचा. दोघं मिळून होडी चालवतात, लोकांना या काठावरून त्या काठावर सोडतात आणि दिवसभर भांडतात. दुपारी सभागृह रिकामं असलं की एका दिव्याखाली यांची तालीम चालायची. त्याचं बोट ओळीवरून सरकायचं, तिची पाळी आली की तो तिच्या मनगटावर हलकेच टिचकी मारायचा. ती टिचकी चुकू नये, म्हणून ती आपल्या पानाऐवजी त्याच्या बोटाकडेच बघत बसायची. हे त्याच्या लक्षात आलं होतं की नाही, देव जाणे.

"मॅडम, ही नवऱ्याला 'तुम्ही' का म्हणते?"

"इंग्रजी संहितेत एकच 'यू' आहे. मला ठरवावं लागलं."

"होडी दोघं वल्हवतात. ही त्याला 'गाढवा' म्हणते, आणि पुढच्याच ओळीत 'तुम्ही जेवलात का'? बरं दिसतं का ते?"

ती हसली. कितीतरी दिवसांनी. "औषधाच्या कागदांवर सगळ्यांना 'आपण' लिहायची सवय हो. 'आपण गोळी जेवणानंतर घ्यावी.'"

"आणि प्रेम?" त्यानं मान वर न करता विचारलं. "जेवणाआधी की नंतर?"

"ते... डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊच नये."

"बरं. मग निदान 'तू' तरी करू या?"

"...तू," ती म्हणाली, आणि एकाएकी तिला खाली पडलेलं पेन शोधायची निकड वाटली. पेन हातातच होतं.

पण पानं मिटली की तो पुन्हा तसाच. "मॅडम, तुमचा चहा निवतोय." तिला उगाचच राग यायचा. आठवडाभर गाढवा म्हणून घेतो, नि चहाच्या वेळी मॅडम!

मग दिग्दर्शिकाबाई आल्या. पांढऱ्या केसांच्या, काठी टेकत चालणाऱ्या, पण नजर अशी की अध्यक्षकाकांचीही ततपप व्हावी. काकांनी स्वागताच्या भाषणात 'आफ्रिका नावाचा देश' म्हटलं, तेव्हा बाईंनी तिच्याकडे एकदाच पाहिलं. तिनं भाषांतरात त्याचा खंड केला आणि वेळ निभावली. बाईंची अट मात्र एकच होती. शेवटी नवरा-बायको काम संपवून घरी येतात, तिथे कुणी बोलत नाही. माझ्या सिनेमात तेवढी शांतता मला हवी आहे, तिथे कुणी खोकलं तरी मला चालणार नाही.

समारोपाच्या दुपारी सभागृह गच्च भरलं. बाहेर पावसाची भुरभुर सुरू होती. तिनं पाहुण्यांना बसवलं, उशिरा आलेल्यांना बसवलं, अध्यक्षकाकांच्या चष्म्याचा शोध लावला, आणि शेवटी माइकशी येते तो तिच्या स्टुलावर कुणीतरी फुलांची परडी ठेवून गेलेलं. परडी उचलायचंही त्राण नव्हतं. तिनं उभ्यानंच वाचायला घेतलं.

आणि काय सांगू, दोघं रंगलेच! होडी हलली की लोक हसायचे, 'गाढवा' म्हटलं की टाळी पडायची. टिचकी, ओळ, टिचकी, ओळ... आणि शेवटचा प्रसंग आला. पडद्यावर दोघं घरी आले. त्यानं दोर भिंतीला टांगला. तिनं पायांवर पाणी घेतलं. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.

साउंडवाल्यानं सहज बाजूला पाहिलं. दिव्याच्या उजेडात ती भिंतीला टेकून उभी होती. डोळे मिटलेले, एक पाऊल दुसऱ्या पावलावर टेकवून दुखणारी टाच उचललेली.

"दमलीस?" त्यानं विचारलं.

"खूप," डोळे न उघडताच ती म्हणाली.

"बस ना मग." त्यानं स्वतःचं स्टूल तिच्याकडे सरकवलं.

ती बसली. पडद्यावरची होडीवालीही नेमकी त्याच घटकेला उंबऱ्यावर बसली. सभागृहभर एकच सुस्कारा उमटला, आणि तेव्हा कुठे साउंडवाल्याची नजर माइकवरच्या लाल दिव्याकडे गेली. माइक चालू होता! त्यानं जीभ चावली. पण आता काय उपयोग?

सिनेमा संपल्यावर प्रश्नोत्तरं होती, आणि दुभाषी अर्थातच तीच. पुन्हा उभी. मागच्या रांगेतल्या एक काकू उठल्या. "बाकी सगळं छानच. पण ते 'बस ना मग'... आमच्याकडे इतक्या वर्षांत हे वाक्य झालेलं नाही हो!" शेजारी बसलेल्या काकांनी छताकडे पाहिलं. सगळे हसले.

तिनं ते बाईंना सांगितलं. सांगताना कान तापले होते. बाई मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, हे वाक्य माझ्या सिनेमात नाही.

आता आली का पंचाईत! 'बाई आपले आभार मानतात' असं ठोकून दिलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण एवढ्या लांबून आलेल्या म्हाताऱ्या बाईच्या तोंडी खोटं घालायला तिची जीभ वळेना.

"बाई म्हणतात," ती हळूच म्हणाली, "हे वाक्य सिनेमात नाही."

"मग कुणाचं?" काकूंनी विचारलं.

कोपऱ्यात माइक खरखरला. "माझं," साउंडवाला म्हणाला. "माफ करा. मी... ते सिनेमातल्या बाईंना नाही म्हणालो."

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या, मग तिच्याकडे. तिनं चाचरत तेही बाईंना सांगितलं. आता बाई भडकणार! बाई रागावल्या होत्याच. ती शांतता त्यांनी भांडून भांडून राखली होती. पण त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग तिच्या सुजलेल्या पावलांकडे, आणि फक्त तिला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "तुला म्हणाला ना तो? मग उभी का आहेस?"

"काय म्हणाल्या? काय म्हणाल्या?" लोक ओरडले.

त्या वाक्याचं भाषांतर मात्र तिनं केलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकंच.

संध्याकाळ झाली, माणसं पांगली. ती खुर्च्या रचायला वाकली, तर तिच्या हातातली खुर्ची त्यानं काढून घेतली.

"मॅडम, राहू द्या. मी..."

"माइक खरंच चुकून चालू राहिला?"

तो ओशाळला. "खरंच. इतकी वर्षं काम करतोय, असं कधी झालं नव्हतं. माइक चुकून राहिला."

"आणि 'तू'?"

त्यानं खुर्ची खाली ठेवली. "ते चुकून नाही."

बाहेर पाऊस जरा वाढला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. डोळे लाल, हातांना वायरींचा काळा राप. हाही किती दमलाय, हे तिला आत्ता दिसलं.

"मग पानं मिटली तरी तेच राहू दे की रे," ती म्हणाली. "गाढवा."

तो हसला, आणि ती खुर्ची उलगडून त्यानं तिच्यापुढे ठेवली. ती बसली. त्यानं आणखी एक उलगडली आणि तोही शेजारी टेकला. सबंध सभागृह आवरायचं पडलं होतं. पडू दे म्हणावं!

पर्समधला फोन वाजला. ताई.

"झाला का गं महोत्सव? काय ठरलं तुझं?"

"ताई, मी नाही येत."

"नाही येत? अगं, आता कुणी थांबवलं तुला?"

तिनं पाय लांब केले. शेजारच्या बोटानं तिच्या मनगटावर हलकेच टिचकी मारली... तुझी ओळ.

"थांबवलं नाही गं," ती म्हणाली. "बसवलं."