कृपया वर्णन पूर्ण वाचावे

"मॅडम, याच्यात भांडंच नाहीये!"

बदलापूरहून खास रिक्षा करून आलेले ते गृहस्थ दारात उभे होते. एका हातात मिक्सर, दुसऱ्या हातात त्याची लोंबणारी वायर, आणि चेहरा असा, की अंबरनाथ पूर्वेतल्या या तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी आपल्याला भरदिवसा लुटलं.

"काका, मी साईटवर तसं लिहिलं होतं," अक्षदा शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाली.

"मी फोटो बघून बोली लावली!"

"फोटोतसुद्धा भांडं नाहीये..."

"मला वाटलं, फोटोत मावलं नसेल."

ते वर्णन दाखवायला अक्षदाने फोन उघडला. तेवढ्यात जिन्यातून आवाज आला, संथ, शाळेत धडा वाचून दाखवावा तसा.

"'फक्त मोटर आणि खालचा भाग. भांडी नाहीत. एकही नाही. कृपया भांड्यांबद्दल विचारू नये, विकणारीचं डोकं दुखतं.' चौथी ओळ आहे, काका."

आवाजामागून एक सावळा, उंच मुलगा वर आला. शर्टाच्या खिशात पेन असावं तिथे स्क्रू ड्रायव्हर, आणि हातात फोन. त्याने गृहस्थांच्या हातातला मिक्सर उलटा करून पाहिला, वायर गुंडाळली आणि म्हणाला, "मोटर मस्त आहे. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये माझं रिपेरिंगचं दुकान आहे. उद्या या, भांडं बसवून देतो."

गृहस्थ पुटपुटत खाली उतरले. अक्षदा मात्र त्या मुलाकडे बघतच राहिली.

"तुम्ही... चौथ्या ओळीपर्यंत वाचलंत?"

"शेवटपर्यंत वाचलं. मी सुयोग. तो मान मोडलेला टेबलफॅन मी घेतलाय." मग जरा लाजून त्याने जोडलं, "मान मोडलीय हे माहितीये मला. वाचलंय."

त्या दिवशी अक्षदाने टेबलफॅन बांधून द्यायला जरुरीपेक्षा अंमळ जास्तच वेळ लावला.

तुम्ही कधी लिलावाच्या साईटवर जुनी वस्तू विकली आहे का? नसेल, तर तिच्या मनात काय झालं ते तुम्हाला कळायचं नाही. दोन वर्षं ती हा उद्योग करत होती. आसपासच्या जुन्या बिल्डिंगा पुनर्विकासाला निघाल्या की लोकांच्या माळ्यांवरून काय काय खाली यायचं... इस्त्र्या, शिलाई मशिनी, रेडिओ, वजनकाटे. अक्षदा ते पुसायची, गॅलरीतल्या उजेडात फोटो काढायची आणि मन लावून वर्णन लिहायची. कुठे पोचा आहे, कुठला स्क्रू गायब आहे, सगळं. आणि लोक? लोक विचारायचे, "चालू आहे का?" पहिल्याच ओळीत 'बंद आहे' लिहिलेलं असताना! "रंग कोणता?" विचारायचे, फोटोखाली! एका बाईंनी बाहुलीच्या घरातलं कपाट जिंकलं आणि ते न्यायला टेम्पो घेऊन आल्या.

आणि आता हा. शेवटपर्यंत वाचणारा.

पुढच्या रविवारी तो बंद रेडिओ न्यायला आला, त्याच्या पुढच्या रविवारी इस्त्री. येताना उल्हासनगरच्या दालपकवानची, म्हणजे डाळ आणि कुरकुरीत पुऱ्यांची, पुडी आणायचा. "शेजारच्या दुकानातले सिंधी काका म्हणाले, साई, कुठे जातोस दर रविवारी? रिकाम्या हाताने नको जाऊ," असं कारणही द्यायचा.

"एवढं सगळं वाचायची सवय कशी काय लागली?" तिने एकदा विचारलं.

"मी बंद वस्तू घेतो ना. चालू वस्तूला फोटो पुरतो. बंद वस्तूचं काय बिघडलंय ते कळायला नको?" तो पकवान मोडत म्हणाला. "आणि तुम्ही दोष आधी लिहिता. असं कुणी लिहीत नाही. वाचायला बरं वाटतं."

आता एखाद्या मुलीला डोळ्यांची तारीफ आवडते, एखादीला केसांची. अक्षदाला हे आवडलं. त्याला कोण काय करणार!

मग ती वर्णनं त्याच्यासाठीच लिहू लागली. वर सगळी माहिती, आणि अगदी तळाशी एक आगाऊ ओळ. 'वायर उंदराने कुरतडली आहे. उंदीर सोबत मिळणार नाही.' लगेच खाली सगळ्यांना दिसेल असा प्रश्न यायचा, 'उंदीर सध्या काय करतो?' ती उत्तर द्यायची, 'वर्णन न वाचता पिंजऱ्यात शिरला.' बाकीचे बोली लावणारे गोंधळून जायचे. आणि ती गॅलरीत उभी राहून एकटीच हसायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही आठवत नव्हतं.

पण तिच्या घरात दुसराच एक लिलाव चालू होता.

निशाआत्याने तिचा बायोडेटा तयार केला होता. वर गणपती, उजवीकडे निळ्या साडीतला फोटो, खाली रास, नाडी, मामाचं गाव. अक्षदाने तो वाचला आणि कपाळाला हात लावला. उंची एक इंच वाढली होती. स्वभावापुढे लिहिलं होतं, 'शांत'. आणि शेवटी ठसठशीत अक्षरात, 'अपेक्षा : सुशिक्षित, निर्व्यसनी, स्वतःचं घर असणे आवश्यक.'

"आत्या, यात एक तरी गोष्ट खरी आहे का?"

"जन्मतारीख खरी आहे," आत्या म्हणाली. "आणि दोष का कुणी असे लिहून देतं? तुझ्या त्या इस्त्रीचं वर्णन नव्हे हे!"

बायोडेटाही कुणी वाचत नव्हतं, हा भाग वेगळा. एक मंडळी बघायला आली आणि पोहे संपेपर्यंत तिला पुण्याच्या कॉलेजातली प्राध्यापिका समजून बोलत राहिली. अक्षदाने हे सुयोगला सांगितलं तेव्हा हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तो हसला नाही.

"पुढच्या रविवारी कल्याणची माणसं येणार आहेत," ती म्हणाली. "त्यांचा होकार आल्यातच जमा आहे, आत्या म्हणते. मला... मला हे तुला सांगायचं होतं."

"हं," तो म्हणाला आणि हातातला स्विच उघडून परत लावला.

त्या रात्री तिने बायोडेटाची एक प्रत घेतली, उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहायला बसली. आपलं वर्णन. खरं. नेहमीसारखे दोष आधी. आणि तळाशी ती ओळ, जी तोंडाने बोलायला तिची जीभ रेटत नव्हती. सकाळी तो कामासाठी इकडे आला, तेव्हा त्याच्या हातात कागद देताना तिचे कान तापले होते.

"तू नीट वाचतोस ना सगळं. हेही वाच. चुका सांग."

दोन दिवसांनी तो आला. गंभीर चेहऱ्याने जिन्यातच उभा राहिला.

"उंची चुकलीय. पाच-दोन आहे, पाच-तीन नाही. आणि स्वभाव शांत नाहीये तुझा."

हेच तर तिने कागदाच्या मागे लिहिलं होतं. म्हणजे वाचलं याने! सगळं वाचलं!

"अजून?" तिने हळूच विचारलं.

तो खाली बघत होता. "अजून काही नाही. बाकी... चांगलं आहे. मिळेल चांगलं स्थळ."

"एवढंच?"

"एवढंच."

तो गेला. अक्षदा दाराला टेकून उभी राहिली आणि मग तिथेच बसली. इतकं वाईट तिला कधीच वाटलं नव्हतं. न वाचणाऱ्यांवर रागावता तरी येतं. वाचून, समजून, शांतपणे नको म्हणणाऱ्याचं काय करायचं?

त्या आठवड्यात तिने साईटवर जुनं शिलाई मशीन टाकलं. वर्णनात दोन शब्द होते. 'मशीन. जुनं.' तासाभरात खाली प्रश्न आला, 'वर्णन कुठे गेलं? बरी आहेस ना?' तिने उत्तर दिलं नाही.

शनिवारी सकाळी मात्र ती उठली, तोंड धुतलं आणि शेअर रिक्षाने थेट उल्हासनगरला निघाली. उद्या कल्याणची माणसं येणार. त्याआधी तो कागद परत हवा होता. मागच्या बाजूला जे लिहिलंय ते एका अशा माणसाकडे राहायला नको, ज्याला ते नकोय.

सुयोगचं दुकान म्हणजे दोन दुकानांच्या मधली बोळ. तो एका मिक्सरच्या पोटात डोकं घालून बसला होता. तिला बघून त्याच्या हातातला स्क्रू उडाला आणि कुठेतरी घरंगळत गेला.

"तू? इथे?"

"माझा कागद दे."

"कुठला कागद?"

"माझा बायोडेटा. परत दे."

त्याची नजर खाली गेली. तिचीही गेली. कामाच्या टेबलावर जाड काच होती आणि काचेखाली, बरोबर मध्यभागी, तिचा बायोडेटा. निळ्या साडीतला फोटो वर. त्याच्याभोवती तारा, स्क्रू, डाग पडलेली फडकी, पण फोटोवरची काच लख्ख पुसलेली.

"हे... असं का ठेवलंयस?" तिचा आवाज उगाच बारीक झाला.

"हरवू नये म्हणून."

"आठवडाभर रोज समोर ठेवून वाचतोयस?"

"पाठ झालाय." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "जन्म चौदा ऑगस्ट. रास तूळ. मामाचं गाव वांगणीजवळ. बी. कॉम. आणि शेवटी, स्वतःचं घर असणे आवश्यक. रोज तिथे येऊन थांबतो मी, अक्षदा. माझं घर भाड्याचं आहे. दुकान पण. तू एकेक शब्द विचार करून लिहितेस, मला माहितीये. 'आवश्यक' लिहिलंय म्हणजे आवश्यकच असणार ना. मग मी काय बोलणार होतो?"

अक्षदाने काचेवरून त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ते आत्याने लिहिलंय," ती सावकाश म्हणाली. "सुयोग... आणि मागचं?"

"मागचं काय?"

"मागे लिहिलेलं."

"मागे?" तो खरोखर गोंधळला होता. "मागे काही आहे?"

"मग उंची कशी कळली तुला?"

"त्यात काय कळायचंय? तू समोर उभी राहिलीस की बरोबर माझ्या हनुवटीपर्यंत येतेस. घरी जाऊन भिंतीवर मोजलं. दर रविवारी बघतो मी."

अक्षदाला हसावं की त्याच्या डोक्यात ती काच घालावी हे समजेना. "तूसुद्धा!" ती ओरडली. "अख्ख्या जगात एकच माणूस वाचणारा, त्याला कागद उलटायला काय झालं होतं?"

"फोटो खाली गेला असता," तो म्हणाला.

आता यावर रागवायचं तरी कसं?

त्याने घाईघाईने टेबल रिकामं केलं. मिक्सर खाली, तारा खाली, काच भिंतीला. कागद उलटा केला. पेन्सिल थोडी फिसकटली होती, पण वाचता येत होतं. तो मोठ्याने वाचू लागला, नेहमीच्या संथ आवाजात.

"'अक्षदा. नग एकच. दोष : उंची पाच-दोनच. सकाळी नऊपर्यंत बोलत नाही, नंतर थांबत नाही. लवकर तापते, उशिरा निवते. पोळ्या गोल येत नाहीत. शांत अजिबात नाही.'" तो थांबला. कागद उजेडाकडे धरला. "'अपेक्षा : घर कसलंही चालेल. घरात हा हवा. आता हा कागद ज्याच्या हातात आहे तो... त्याला मी आवडत असेन, तर त्याने बोलावं. मी वाट बघतेय.'"

शेजारच्या दुकानातल्या सिंधी काकांनी कापडाच्या ताग्याची घडी अर्धीच ठेवली होती आणि ते उघड उघड ऐकत होते. अक्षदाने ओढणीचं टोक बोटाभोवती इतकं घट्ट गुंडाळलं, की बोट पांढरं पडलं.

"कधीपासून वाट बघतेस?" सुयोगने विचारलं.

"आठवडाभर."

"आवडतेस," तो घाईने म्हणाला. "म्हणजे, खूप. फॅन न्यायला आलो तेव्हापासून. लग्न करशील माझ्याशी? पंखा चालू नसतो माझ्या घरात, सगळ्यांचे दुरुस्त करतो आणि..."

"फोन दे."

"का?"

"माझ्या फोनचं चार्जिंग संपलंय. आत्याला सांगायचंय, कल्याणवाल्यांना उद्या येऊ नका म्हणावं."

त्याने फोन दिला. पलीकडून आत्याचा आवाज बोळभर ऐकू आला. "काय? नको? पण का? त्यांना सांगू काय मी?"

"खरं ते सांग, आत्या. मला एक मुलगा आवडतो. उल्हासनगरला असतो. आज संध्याकाळी घरी घेऊन येतेय."

मग आत्याने विचारलं, "स्वतःचं घर आहे का त्याचं?"

अक्षदाने सुयोगकडे पाहिलं. तो कागद दोन्ही हातांत धरून मागची बाजू पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचत होता, ओठ हलवत.

"नाही," ती हसून म्हणाली. "आम्ही दोघं मिळून बघू."