बोटीच्या पोटातला डाग

बोटीचा तळ लख्ख घासून दिला, की हंगामाच्या पहिल्या फेरीत पुढच्या बाकावर फुकट जागा! मालकांच्या या बोलीत टिकलीला नफाच नफा दिसला. सुट्टी होती, हात रिकामे होते आणि बोट चालवणार होता तिचा सख्खा काका. तोटा एवढाच, की धाकटा भाऊ शेपूट मागेमागे येणार आणि चुलतभाऊ पैलवान हातांपेक्षा तोंडच जास्त चालवणार.

धक्क्यावर बोट ठोकळ्यांवर चढवून ठेवली होती. शेवाळ निघालं, डांबर निघालं. एक तपकिरी डाग मात्र हटेना! व्हिनेगर चोळलं, पॉलिशपेपर मारला, तेव्हा कुठे गेला.

सकाळी पाहतात तर डाग पुन्हा जागच्या जागी! खाली बारीकसा ओघळ.

"रात्री कुणीतरी रंगवून जातं," शेपूट कुजबुजला.

"हो, भुतांना तेवढंच काम!" पैलवान हसला, पण दोन पावलं मागेही सरकला.

पुन्हा घासला. पुन्हा आला. टिकलीने त्यावर अंगठा दाबला. फळी ओली होती आणि पावासारखी मऊ!

"बाहेरचा डाग घासला की जातो. हा आतून येतोय! आत पावसाचं पाणी साचलंय. ते खिळ्यांचा गंज घेऊन झिरपतंय."

"म्हणजे नदीत उतरल्यावर नदी आत झिरपेल?" पैलवानाचं हसू मावळलं.

काका इंजिनाचा भाग आणायला शहरात गेलेला. मग मालकांनाच गाठलं.

"काय गं टिकले, डाग निघेना म्हणून गोष्टी रचतेस होय?" मालकांनी रंगाचा डबा पुढे सरकवला. "मारा वरून एक हात! उद्या तपासनीस शिक्का मारतील, की दुपारी चाळीस माणसं घेऊन बोट पाण्यात!"

टिकलीने निमूटपणे रंग मारला. मग तिघं काकूच्या कपाटातली निळीची पुडी घेऊन बोटीत चढले.

दुसऱ्या दिवशी पांढरीशुभ्र बोट पाहून तपासनीस खूश झाले. काकाही परतला होता. शिक्का बाहेर निघाला.

"साहेब, चहा घेणार?" मालक लगबगीने म्हणाले.

"साहेब, बोट रडतेय!" शेपूट ओरडला. "निळं निळं!"

ताज्या रंगातून एक निळा थेंब फुगला, ओघळला. त्यामागे दुसरा. तपासनिसांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर तिथे टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला.

काकाने चाळीस जागांच्या रिकाम्या बाकांकडे पाहिलं आणि तिघांना जवळ ओढलं.

"पोरांनो," तो म्हणाला, "आज तुम्ही मला नदीतून जिवंत घरी आणलंत."

"हे खरे तपासनीस!" साहेबांनी शिक्का खिशात टाकला.

मालकांचा अर्धा हंगाम नव्या फळ्यांत गेला. मुलांची फुकट फेरीही बुडाली. आणि सगळी नीळ बोटीने प्यायल्यामुळे साहेबांसमोर छाती फुगवून उभ्या राहिलेल्या पैलवानाला महिनाभर पिवळट सदरा घालावा लागला. चाळीस उतारूंना मात्र काहीच मोजावं लागलं नाही. काय वाचलं, याचा त्यांना पत्ताही नव्हता.