पर्वा नाही

"आणि रात्री ही दोरी ओढली, तर कोण येतं?"

न्हाणीघराच्या भिंतीवर टांगलेल्या लाल दोरीकडे बोट दाखवून मधुसूदनने विचारले, आणि दाराशी उभ्या असलेल्या कनकाच्या अंतःकरणात काहीतरी अगदी निःशब्दपणे तळाला जाऊन बसले... चेन्नईलगतच्या कोवलमजवळची ही ज्येष्ठांची वसाहत त्यांनी पाहिलेली पहिली जागा नव्हती. तो कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी ते कुठले ना कुठले घर पाहत होते, आणि घर कसेही असो, त्याचा प्रश्न हाच असे.

"नर्स येते, सर," वसाहतीची व्यवस्थापिका विद्यालक्ष्मी उत्साहाने म्हणाली. "मॅडमना उठायचीसुद्धा गरज नाही."

"उत्तम," तो म्हणाला.

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हे कनकाने तांबरमच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवताना पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना बजावले होते. पण निरीक्षणे आता एक राहिली नव्हती. त्याच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर, तिने रजा काढलेली असतानाही, त्याने पगारी परिचारिका ठेवली होती. मागे एका रविवारी पाहिलेले तांबरमचे अंगणाचे बैठे घर, ज्याच्या ओट्यावर बसून तिचे मन कित्येक महिन्यांनी स्थिरावले होते, ते त्याने 'इथे रात्री-अपरात्री कोण धावून येणार?' या एका वाक्यात नाकारले होते. शेजारी झोपलेली बायको धावून येईल ही शक्यता त्याच्या गणितात कुठेच नव्हती! आपले हात या माणसाला नकोत... हा निष्कर्ष नवा नव्हता. सासूबाईंच्या वेळीच तो निघाला होता. नंतरच्या साऱ्या आयुष्याने त्याला केवळ पुष्टी दिली होती.

तिघे गच्चीत आली. वारा खारट होता आणि लाटांचा आवाज अखंड. विद्यालक्ष्मीने तमिळमध्ये भरभर काही विचारले. कनकाने हसून तमिळमध्येच उत्तर दिले.

"काय म्हणते?" मधुसूदनने विचारले.

"समुद्राच्या आवाजाचा त्रास होईल का, म्हणून विचारते. मी म्हटलं, पर्वा नाही."

त्याचा कठड्यावरचा हात थबकला. तेवढ्यात विद्यालक्ष्मीचा फोन वाजला आणि ती आत गेली.

"किती वर्षांनी ऐकला हा शब्द तुझ्या तोंडून," तो म्हणाला. त्याच्या स्वरात एक विलक्षण शीण होता.

"कुठला शब्द?"

"जाऊ दे. जागा घेऊन टाकू. निदान तुला माझं काही करावं लागणार नाही."

"अहो, मला काही करावं लागू नये म्हणून एवढी वणवण चाललीय? मी कधी तक्रार केली?"

"तक्रार करायला आस्था लागते, कनका."

एवढ्या वर्षांच्या सहवासात त्याने तिला इतके क्रूर वाक्य कधी ऐकवले नव्हते.

"स्पष्ट बोला."

"आईला अर्धांगवायू झाला होता. मिरजेहून मी शेजाऱ्यांकडे फोन केला, आठवतं? म्हटलं, तिला मद्रासला आणू का? सगळं अंथरुणातच करावं लागेल. नवी नवरी होतीस तू. नाही म्हणाली असतीस तरी मला राग आला नसता." तो क्षणभर थांबला. "तू म्हणालीस, पर्वा नाही."

"हो. म्हणजे आणा म्हटलं."

"काय?"

"आणा म्हटलं. त्रास होईल असं तुम्ही म्हणालात, म्हणून मी म्हटलं, पर्वा नाही. काही हरकत नाही, मी करीन... दुसरं काय म्हणणार होते?"

मधुसूदन कठडा सोडून तिच्याकडे वळला.

आणि मग, दोन समीकरणे एकमेकांखाली लिहिल्यावर उत्तर आपसूक उतरावे तसे, कनकाला सारे दिसले. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या तिच्या तंजावरी मराठी माहेरी 'पर्वा नाही' हे तमिळ 'परवायिल्लै'चेच मराठी रूप होते: असू दे, चालेल, मी निभावून नेईन. मिरजेच्या मराठीत त्याचा अर्थ एकच होता: मला काय त्याचे. 'परवायिल्लै' त्याने कारखान्यात हजारदा ऐकले असेल, पण तमिळ तो तमिळ म्हणून ऐके आणि बायकोची मराठी मराठी म्हणून. पुढे नणंदा तिच्या तमिळ हेलाला हसल्या, तशी ती पुस्तकी मराठी शिकली आणि माहेरचे शब्द तिने एकेक करून मागे ठेवले. चूक दुरुस्त होण्याची एकमेव संधी त्यांच्याबरोबरच गेली.

"ती लोखंडी खाट..." तो अडखळत म्हणाला. "मी मिरजेहून परत आलो, तेव्हा बाहेरच्या खोलीत होती."

"बाबांकडून आणली होती. माझी पुस्तकं माळ्यावर टाकली आणि खोली रिकामी केली."

"मला वाटलं, पाहुण्यांसाठी."

"कोण पाहुणे? आपल्याकडे कोण येत होतं तेव्हा?"

तो गच्चीतल्या खुर्चीवर बसला. मिरजेला थोरल्या भावाच्या घरी, मागच्या खोलीत त्याची आई, राजसबाई, वर्षभर पडून होत्या. भावजयीचे हात अपुरे पडले. पाठीला जखमा झाल्या. शेवटी शेवटी त्या धाकट्याकडे नेण्याबद्दल विचारत, आणि तो दर खेपेला विषय बदलत असे. हे त्याने आजवर कोणालाही सांगितले नव्हते. आता सांगितले, तुटक तुटक, समुद्राकडे पाहत... आणि बोलता बोलता तो वृद्ध माणूस लहान मुलासारखा रडू लागला.

कनकाचे डोळे मात्र कोरडेच राहिले. करुणेच्या आधी तिच्या मनात संताप उसळला होता.

"एकदा विचारायचं होतंत. आयुष्यभर मला दगड समजून माझ्याबरोबर जेवलात?"

"तू तरी विचारलंस? आई का आली नाही म्हणून?"

कनका कठड्याला टेकली.

"मला वाटलं," ती म्हणाली, "तुम्हा लोकांना माझी मराठी चालत नाही, तशी माझी सेवाही चालणार नाही."

कारखान्यात त्याचे सारे आयुष्य मापे तपासण्यात गेले होते. माप घेण्याआधी उपकरणाचा काटा शून्यावर आहे ना हे पाहावे, हा त्या कामाचा पहिला धडा. तोच ती प्रयोगशाळेत शिकवीत आली होती. दोघांनीही घरी तो एकदाही पाळला नव्हता.

विद्यालक्ष्मी परत आली, तेव्हा मॅडम सरांच्या खुर्चीमागे उभ्या होत्या आणि त्यांचा हात सरांच्या खांद्यावर होता. "वारा फार आहे," कनका तिला तमिळमध्ये म्हणाली. "डोळ्यांत पाणी येतं."

पुढच्या रविवारी मधुसूदनने आपण होऊन गाडी तांबरमच्या दिशेने वळवली.

अंगणाचे ते बैठे घर अजून विकले गेले नव्हते. भिंतीवर लाल दोरी नव्हती. न्हाणीघराचा उंबरा गुडघ्यांना जड जाईल इतका उंच होता. स्वयंपाकघर भर दुपारी अंधारे होते, आणि म्हातारे घरमालक सेतुमाधव त्याबद्दल पुन्हा पुन्हा दिलगिरी व्यक्त करीत होते. मधुसूदनने भिंतीवरून हात फिरवला. यावेळी त्याने नर्सबद्दल काही विचारले नाही.

"कसं वाटतं?" तो कनकाकडे वळला.

ती स्वयंपाकघरातल्या अंधाऱ्या ओट्यापाशी उभी होती. ओठांवर आलेला शब्द तिने क्षणभर अडवला... आणि मग, नणंदांना हसू येई त्याच तंजावरी हेलात, मोकळेपणी उच्चारला.

"पर्वा नाही."

तो जवळ आला. ज्या माणसाने एका शब्दाचा अर्थ गृहीत धरून आईला अंतर दिले होते, त्याने आता नव्या विद्यार्थ्यासारखे, अतिशय सावधपणे विचारले:

"म्हणजे काय? नीट सांग."

मग कनका त्या उंच उंबऱ्यावर टेकली, त्याच्यासाठी बाजूला सरकून जागा केली, आणि सांगू लागली.