ट्रकची डावी बाजू

तिने डबी उघडली. आत कवळी नव्हती.

कापसात गुंडाळलेले करड्या प्लॅस्टिकचे दोन तुकडे होते. तिने चिमट्याने एक उचलला, दिव्याखाली धरला, उलटा केला.

"हे कोणाच्या तोंडातलं?"

काउंटरपलीकडचा माणूस गडबडला. त्याने घाईघाईने दुसऱ्या खिशात हात घातला आणि अगदी तशीच पांढरी डबी बाहेर काढली.

"चुकून... कवळी यात आहे. सासूबाईंची. खालची हलते म्हणतात. डॉक्टर म्हणाले, वर लॅबमध्येच नेऊन द्या."

"आणि हे?"

"ते ट्रकचं आहे."

तिने एकदा तुकड्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. चाळिशीच्या अलीकडचा असावा. शर्ट इस्त्रीचा, पण बोटांच्या पेरांत काळं तेल मुरलेलं. तिला हसू आवरेना.

"ट्रक केवढा आहे तुमचा?"

त्याने दोन्ही हात फाकवून दाखवलं. साधारण मांजराएवढा.

मग त्याने सांगितलं. रिमोटवर चालणारा ट्रक होता, खऱ्याच्या दहाव्या हिश्शाचा. घराला रंग देताना कपाट सरकवलं आणि वरून पडला. पुढच्या अ‍ॅक्सलचं कवच फुटलं. कंपनीने ते बनवणं कधीच बंद केलंय. तो आत्ताच तिसऱ्या दुकानातून नकार घेऊन आला होता.

"चिकटवून पाहिलं?"

"तीनदा. मोटर जोर लावते आणि उकलतं."

ती दोन्ही तुकडे जुळवून बघत होती. दिवसभर ती हेच करायची. मेणाचा नमुना, त्यावर प्लास्टर, मेण वितळवून काढायचं, रिकाम्या जागेत अ‍ॅक्रिलिक भरायचं. फक्त आजवर कधी कोणी तिच्याकडे चाकं असलेलं काही आणलं नव्हतं.

"ठेवून जा," ती म्हणाली. "दोन्ही डब्या."

"किती दिवस लागतील?"

"कवळीला दोन. ट्रकला... बघू."

तो दारापर्यंत गेला आणि परत आला. "पण अगदी होतं तसंच पाहिजे."

"तसंच होणार नाही," ती म्हणाली. "चालेल असं होईल."

* * *

ट्रक त्याच्या बायकोचा होता. हे तिला पहिल्या रविवारी कळलं. लॅबला सुट्टी होती आणि माप घ्यायला ती त्याच्या घरी गेली होती. दार सासूबाईंनी उघडलं.

"तूच का ती कवळीवाली? ये. आता अजिबात हलत नाही बघ." त्यांनी खात्री पटावी म्हणून दात वाजवून दाखवले. "हा आत बसलाय त्याच्या पसाऱ्यात. बस म्हणेल, पण खुर्ची रिकामी करून देणार नाही. तूच सामान उचल आणि बस."

तसंच झालं. तो शिलाई मशीन दुरुस्त करायचा, आणि त्या खोलीत तीन मशीनं, त्यांचे पट्टे, सुयांची पाकिटं आणि मधोमध तो ट्रक होता. तिने खुर्चीवरचं मशीनचं झाकण उचललं आणि बसली.

ट्रक बघण्यासारखा होता. सांगाडा कंपनीचा, बाकी सगळं बायकोच्या हातचं. पुढची जाळी चहाच्या गाळणीची. डिझेलची टाकी गोळ्यांच्या बाटलीची. धुराचं नळकांडं मोडक्या छत्रीचं. बायको नकाशे काढायच्या ऑफिसात होती, हात फार नेमका होता, तो म्हणाला. तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेली. त्याने हे दोन वाक्यांत सांगितलं आणि पट्टी शोधायला लागला.

"तुम्ही काय बनवलं होतं यात?" तिने विचारलं.

"मी? वायरी जोडल्या. त्यातल्या दोन चुकीच्या."

"मग आता सुरुवात करा. या फुटलेल्या दिव्यांचं काय?"

"ते दुकानात..."

"दुकानात मिळत नाही म्हणूनच मी इथे आहे ना?" तिने टेबलावर नजर फिरवली आणि मशीनच्या बॉबिनची दोन गोल घरं उचलली. ट्रकच्या तोंडापाशी धरली. "हे बघा."

त्याने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "डोळे मोठे झाले."

"म्हणजे काय वाईट झालं?"

"नाही," तो म्हणाला. तो ट्रककडे बघत नव्हता.

त्यानंतर रविवार ठरूनच गेला. ती दहाला यायची. बंपर जुन्या मशीनच्या पत्र्यातून निघाला, काच कवळीच्या पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची झाली. तो कानस फार जोरात चालवायचा. ती त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवायची — "हळू. दुखतंय त्याला." तो हात तिथेच थांबवायचा. बोटं उचलली गेली तरी थोडा वेळ थांबवूनच ठेवायचा.

"कामं होतायत की नुसत्या गप्पा?" सासूबाई बाहेरून ओरडायच्या.

"कामं, आई!"

"मग कानशीचा आवाज का बंद पडला?"

अ‍ॅक्सलचं कवच मात्र तिने लॅबमध्येच करायचं ठरवलं. मोजमापं झाली होती, फक्त आतलं मोठं दातेरी चाक कोणत्या बाजूला बसतं तेवढं लिहून द्या, म्हणाली. त्याने ट्रक समोर ठेवला, चिठ्ठीवर लिहिलं — मोठं चाक डावीकडे. तिने चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली.

पंधरा दिवसांनी तिने कवच आणलं आणि टेबलावर ठेवलं. तो बघतच राहिला.

"हे गुलाबी आहे."

"कवळीचं अ‍ॅक्रिलिक गुलाबीच असतं. आत पोलादी जाळी घातलीय, तुटणार नाही. रंग पाहिजे तर वरून लावा."

सासूबाई बघायला आल्या. "अगं बाई, ट्रकला हिरड्या फुटल्या!"

तो हसला. गेल्या तीन वर्षांत या घरात असा आवाज झाला नसावा, कारण सासूबाईंनी त्याच्याकडे वळून पाहिलं, मग हिच्याकडे, आणि चहा टाकायला गेल्या.

"रंग नको लावायला," तो म्हणाला. "असू दे गुलाबी."

* * *

पुढच्या रविवारी सगळं जोडून झालं. मोटर बसली, चाकं बसली. त्याने ट्रक फरशीवर ठेवला. सासूबाई खुर्ची ओढून दारात बसल्या. त्याने रिमोटचा खटका दाबला.

ट्रक घुर्रकन आवाज करून थरथरला. पोट वर उचललं, परत टेकलं. जागचा हलला मात्र नाही.

"पुन्हा," ती म्हणाली.

पुन्हा तेच. तिने ट्रक हातात उचलला. "आता दाबा."

मागची चाकं पुढे जायला निघाली होती आणि पुढची मागे.

"संसार थाटलाय जसा काही," सासूबाई म्हणाल्या.

त्याने गुलाबी कवचाला कान लावला, बोटाने चाक फिरवलं. "मोठं चाक उलट्या बाजूला बसलंय. मी डावीकडे लिहिलं होतं."

"डावीकडेच आहे."

"ही डावी?" त्याने ट्रकचं तोंड आपल्याकडे केलं. "ही उजवी आहे."

"तुमची उजवी. ट्रकची डावी." तिने चिठ्ठी काढून त्याच्यासमोर धरली. "आमच्याकडे डावं म्हणजे पेशंटचं डावं. मी माझ्या डाव्या हाताने मोजायला लागले तर लोकांच्या तोंडात भलतीकडे दात बसतील."

"आमच्याकडे मशीनसमोर बसल्यावर जी डावी, ती डावी. आणि ट्रक पेशंट कधीपासून झाला?"

"तुम्ही डबीतून आणलात तेव्हापासून."

दोघंही हसले. मग हसू ओसरलं, कारण दोघांनाही कळलं होतं की आता दोन वाटा आहेत. गुलाबी कवचात चाकाची जागा एकाच बाजूला होती. ते नव्याने बनवावं लागणार. नाहीतर मागचा अ‍ॅक्सल उघडायचा, त्यातलं चाक दुसऱ्या बाजूला घालायचं आणि मोटरच्या दोन वायरी बदलायच्या. अर्ध्या तासाचं काम.

पण मागचा अ‍ॅक्सल त्याच्या बायकोने बंद केला होता. चार स्क्रू, आणि ते ढिले पडू नयेत म्हणून प्रत्येकाच्या डोक्यावर लाल नेलपॉलिशचा थेंब. इतके रविवार तो त्या बाजूला काम करताना ट्रक जपून धरायचा, हे तिने पाहिलं होतं.

"मागचं उघडायचं का?" तिने विचारलं.

त्याने ट्रक खाली ठेवला. "ते... नको. ते राहू दे."

तिने आपली हत्यारं एकेक करून पिशवीत ठेवायला घेतली.

"हरकत नाही. मी पुढचं नवीन बनवून देते. चूक निम्मी माझीही आहे." तिचा आवाज साधा होता. "पण ते कुरिअरने पाठवेन."

"कुरिअरने का? रविवारी..."

"रविवारी नाही येणार." तिने पिशवीची चेन लावली. "खरं सांगू? मी इथे ट्रकसाठी येत होते, असं मी स्वतःला फार दिवस सांगितलं. आता नाही सांगता येत. आणि तुमच्या घरात मला जागा आहे की नाही, ते मला कळत नाही. पहिल्या दिवशी खुर्ची मी स्वतःच रिकामी करून घेतली होती. दर वेळी नाही जमणार मला."

त्याला बोलायचं होतं हे दिसत होतं. हातात स्क्रू ड्रायव्हर होता आणि तो नुसताच फिरवत होता.

सासूबाईंनी घसा साफ केला.

"मी मध्ये बोलू का? नाही म्हणालात तरी बोलणार आहे." त्या जावयाकडे बघत होत्या. "ते नेलपॉलिश तिने कशाला लावलं होतं?"

"स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून."

"आणि उघडायची नाही का कधी?"

"...उघडायची. सहा महिन्यांनी. ग्रीस बदलायला."

"माझ्या डोळ्यांदेखत उघडायची, त्याच टेबलावर. वरून मलाच ओरडायची, आई, दिवा इकडे धर. तुझ्यापेक्षा तिला मी जास्त वर्षं ओळखते बाबा. तिने ते तुझ्यासाठी कुलूप म्हणून लावलेलं नाही." त्यांचा आवाज जरा हलला. त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा नेहमीच्या सुरात म्हणाल्या, "आता उघड, नाहीतर मला दे. मी उघडते."

ती पिशवी खांद्याला लावून उभी होती. जावं की नाही, तिलाच कळेना.

त्याने ट्रक उलटा केला. पहिल्या स्क्रूवर ड्रायव्हर टेकवला. ड्रायव्हर घसरला. पुन्हा टेकवला, पुन्हा घसरला.

"दिवा..." तो म्हणाला. मान वर न करता. "दिवा जरा इकडे धरतेस?"

तिने पिशवी खाली ठेवली. दिवा धरला. दुसरा हात त्याच्या मनगटावर ठेवला.

लाल थेंब टचकन तुटला. मग दुसरा. तिसरा, चौथा. त्याने झाकण काढलं. आतलं ग्रीस वाळून काळं ठिक्कर पडलं होतं, खरवडावं लागेल इतकं.

"हे असंच चालवलं असतं तर दोन दिवसांत दाते गेले असते," ती हळूच म्हणाली.

"हो." त्याने डोळे बाहीने पुसले आणि कापड मागितलं. तिने दिलं. मग दोघं मिळून एकेक दाता साफ करत बसले, आणि सासूबाई उगाचच स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवायला लागल्या.

* * *

या वेळी ट्रक निघाला. हळू, ठाम, गुलाबी हिरड्या दाखवत. पायपुसणं चढला, उतरला. सासूबाईंनी पाय वर घेतले. "अरे, अरे, माझ्या अंगावर घालतोस का!" उंबरठ्याशी तो क्षणभर अडला, पुढची चाकं वर चढली, मागच्यांनी रेटा दिला, आणि तो गॅलरीत जाऊन उन्हात उभा राहिला.

दोघंही त्याच्या मागे गॅलरीत गेले. खाली वाकून बघत राहिले. बघण्यासारखं आता फारसं काही नव्हतं.

"झाला ट्रक," ती म्हणाली.

"झाला."

"म्हणजे माझं काम संपलं."

त्याने रिमोट कठड्यावर ठेवला. परत उचलला. परत ठेवला.

"पुढच्या रविवारी ये."

"काय बनवायला?"

"काही नाही. नुसती ये."

"नुसती येऊन काय करू?"

"बसू." तो लाल झाला होता, पण या वेळी त्याने नजर काढून घेतली नाही. "मला गोड बोलता येत नाही. तू समोर बसलेली असलीस की मला बरं वाटतं. तू गेलीस की सोमवारपासून मी रविवार मोजतो. एवढंच आहे... आणि खुर्ची मी रिकामी करून ठेवेन."

तिच्या गालावर ग्रीसचा डाग होता आणि तिला तो माहीत नव्हता.

"तुम्ही मला तू म्हणालात," शेवटी ती म्हणाली.

"म्हणालो."

"मावशींनी ऐकलं असेल."

"मला काही ऐकू येत नाही!" आतून आवाज आला. "माझे दात बरे झालेत, कान नाही!"

ती हसली, त्याचाही श्वास मोकळा झाला. तिने बोटांवर काहीतरी मोजलं, मान हलवली.

"रविवारी नाही जमणार."

त्याचा चेहरा पडला. "का?"

"फार लांब आहे," ती म्हणाली. "मी बुधवारी येते."