मेणाची दाढ

मुलाखतीच्या खोलीचं दार मी इतक्या जोरात आपटलं, की बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातली डबी उडाली आणि जिन्यावरून टपाटप दात घरंगळत गेले. मेणाचे, प्लास्टरचे, दोन-चार चकचकीत पांढरे… पण ते खरे नाहीत हे खालून वर येणाऱ्या बाईंना कोण सांगणार? त्या किंचाळून भिंतीला चिकटल्या.

"राहू द्या, मी गोळा करतो," तो म्हणाला. वर हसला!

"तुमचे दात पाडलेत मी," मी खेकसले. "भांडा तरी जरा!"

"पाडलेत खरे… पण तोंडातले नाहीत ना."

मग मीही गुडघ्यांवर बसून दात वेचायला लागले. माझं कामच ते. डेंटल लॅबमध्ये आम्ही लोकांचे दात बनवतो. डॉक्टर माप घेतात, आम्ही मेणात दात कोरतो, मग तो पक्का होतो. माझी जुनी लॅब बंद पडली होती आणि मी नोकरी शोधत दारोदार हिंडत होते. तिसऱ्या पायरीवर एक मेणाची दाढ सापडली आणि मी थबकले. इतकं सुबक काम मी फार क्वचित पाहिलं होतं.

"ही तुम्ही केलीत?"

"हो."

"बरी आहे," मी म्हटलं. कौतुक करायचा मूड नव्हता माझा.

"आत काय विचारतात हो?" त्याने हळूच विचारलं. त्याचा नंबर माझ्यानंतर होता.

"मला विचारलं, लग्न झाल्यावर नोकरी सोडणार का."

"मग?"

"मी विचारलं, तुमचं झाल्यावर तुम्ही सोडलीत का?"

तो असा काही हसला की त्याच्या गालावर खळी पडली. ती खळी माझ्या लक्षात राहिली याचाही मला घरी जाईपर्यंत राग येत होता.

घरी आत्याने मला सरळ केलं. मी तिच्याकडेच राहायचे. "अगं, नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन गेलीस तर खुर्चीसुद्धा देणार नाहीत तुला. या महिन्यात जमलं नाही, तर तुझा दादा म्हणतो तसं त्याच्या ऑफिसात जा. फोन उचलायचे, निरोप लिहायचे."

मला ते मरणासारखं वाटायचं. कोरणी खाली ठेवली की ठेवली… बोटं विसरतात. दादाच्या टेबलावर फोन उचलत म्हातारी व्हायचं नव्हतं मला.

शहरातल्या सगळ्यात मोठ्या लॅबमध्ये एक जागा निघाली. त्या लॅबच्या खालच्या कँटीनमध्ये मी चौकशीला गेले, तर कोपऱ्यातल्या टेबलावर तीच खळी!

"तुम्ही इथे?" आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

"मुलाखतीला चार दिवस आहेत," मी म्हटलं. "मी बघायला आलेय इथे काय काम चालतं ते. तुम्ही?"

"मीही तेच. मागच्या वेळी न बघता गेलो. ते कवळ्या करतात आणि मी दाढांचं गुणगान करत बसलो."

मग आम्ही रोज तिथेच भेटू लागलो. एकाच जागेसाठी दोघं उमेदवार, आणि एकमेकांची तयारी करून घेतोय. आत्या म्हणाली, असले शहाणे जगात दोनच असतील.

तो माझा राग उतरवायचा. "जुन्या मालकाबद्दल विचारलं की शिव्या नाही घालायच्या. तिथे काय शिकलात ते सांगायचं."

"त्याने आमचे पगार बुडवले!"

"बुडवले. पण ऐकणाऱ्याला वाटतं, उद्या ही माझ्याबद्दलही असंच बोलेल. आणि राग आला ना… आधी पाण्याचा ग्लास उचला. घोट घेईपर्यंत उत्तर सुचतं."

आणि मी त्याला फैलावर घ्यायचे. त्याचा एकच रोग होता. कुणी काहीही म्हटलं की "चालेल".

"समजा मी मालक आहे. पगार कमी देईन."

"चालेल."

"सुट्टी नाही मिळणार."

"…चालेल."

"मग मीच तुमच्या डोक्यावर बसू का?"

"तुम्ही? चालेल की."

मी चहाचा कप आदळला. कान मात्र तापले होते माझे. "असे घायकुतीला आल्यासारखे बसू नका! आपण हात पसरायला जात नाही, काम दाखवायला जातो. शेवटी ते म्हणतात ना, काही विचारायचंय का… तेव्हा मान हलवून उठायचं नाही. विचारायचं. चूक झाली तर काम परत कोण करतं? नवं काम कोण शिकवणार?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुम्ही रागावलात की फार नीट बोलता."

"आणि तुम्ही हसलात की मला काही सुचत नाही," असं तोंडाशी आलं होतं. मी पाण्याचा ग्लास उचलला.

मुलाखतीच्या दिवशी आम्ही दोघंच उरलो होतो. आधी हाताची परीक्षा. लॅबच्या मास्तरांनी समोर मेण आणि स्पिरिटचा दिवा ठेवला. "खालची उजवी पहिली दाढ कोरा." शेजारी शेजारी बसलो आम्ही. मेणाचा ऊन वास, कोरणीची खरखर… त्याचं कोपर एकदा माझ्या कोपराला लागलं आणि दोघांनीही ते पटकन मागे घेतलं.

मग डॉक्टरबाईंनी मला आत बोलावलं. लॅब त्यांचीच. जुन्या लॅबबद्दल विचारलं, मी काय शिकले ते सांगितलं. मग आला तो प्रश्न. "उशीर झाला तर घरच्यांना चालेल का?"

मी पाणी प्यायले. "उशीर होणार हे आदल्या दिवशी कळलं तर घरचं मी बघते. फक्त… हा प्रश्न बाहेरच्या उमेदवारालाही विचाराल ना?"

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. "विचारेन. नाहीतरी तुमचं जवळजवळ नक्कीच आहे. मास्तर, दाखवा."

मास्तरांनी दोन दाढा टेबलावर ठेवल्या. माझी, आणि त्याची. माझी उजवी होती. त्याची… डावी.

सुंदर होती. प्रत्येक उंचवटा जागच्या जागी. पण आरशात दिसावी तशी उलटी. नवशिके करतात ही चूक. घाईत, घाबरून, उजव्याचं डावं करून बसतात. पण हा माणूस? जिन्यावर सांडलेले दात डबीत भरताना हा न बघता, नुसत्या बोटांनी डावे-उजवे वेगळे करत होता!

माझ्या डोक्यात असा काही भडका उडाला की पाण्याचा ग्लास आठवलाच नाही.

"ही चूक नाही," मी म्हटलं. "मुद्दाम केलंय हे."

"तुम्हाला नोकरी नको आहे का?" डॉक्टरबाई थक्क झाल्या.

"हवी आहे! जीव टाकतेय मी तिच्यासाठी. पण अशी नको. बोलवा त्याला."

तो आत आला, नेहमीसारखा हसत. टेबलावरच्या दाढा बघून त्याचं हसू विरलं.

"तू समजतोस कोण स्वतःला?" अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं. "मी भीक मागितली होती? उद्या या टेबलावर बसून दात कोरताना मला रोज वाटणार, ही जागा मी मिळवली की तू टाकलीस! मोठेपणा मिरवायला मीच सापडले तुला?"

"मला वाटलं… तुला जास्त गरज आहे…"

"गरज माझी, मग ठरवणारा तू कोण?"

"पुरे!" डॉक्टरबाईंनी टेबलावर हात आपटला. "ही लॅब आहे, तुमचं घर नाही. आणि तुम्ही, मिस्टर, माझ्याकडे मुद्दाम चुकीचं काम? मास्तरांना तुमचा हात आवडलाय, म्हणून शेवटची संधी देते. दोघं परत बसा."

मास्तर म्हणाले, "वरचा डावा सुळा."

या वेळी त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. दातओठ खाऊन कोरत होता. मीही.

मास्तर पाठ फिरवून उभे राहिले, बाईंनी सुळ्यांची अदलाबदल केली. मास्तर वळले, दोन्ही उजेडात धरून फिरवत राहिले. शेवटी त्यांनी एक पुढे सरकवला.

"हा. दुसरा पुस्तकातल्या चित्रासारखा आहे, खोट काढायला जागा नाही. पण याचं टोक एका बाजूने झिजवलंय. कुणीतरी वर्षानुवर्षं वापरलेला वाटतो. कुणाचा?"

"माझा," मी म्हटलं. "रागीट माणसाचा सुळा दात खाऊन खाऊन असाच झिजतो. मी रोज आरशात बघते."

नोकरी मला मिळाली. हक्काची.

बाहेर आले तेव्हा तो रस्त्यावर पुढे झपाझप चालला होता. मी त्याला धावत गाठलं. उन्हाने की कशाने, त्याची कानशिलं लाल झाली होती.

"चिडलास?"

"हो!" तो गर्रकन वळला. "चांगला होता माझा सुळा."

"होता. माझा जास्त चांगला होता."

"माहितीये! म्हणूनच चिडलोय. आणि आत सगळ्यांसमोर माझी लाज काढलीस, त्याचाही राग आलाय. मी दुसरीकडे जाईन, याहून चांगली लॅब मिळवीन, आणि कुणासाठीही पुन्हा दाढ उलटी करणार नाही. तुझ्यासाठीसुद्धा नाही!"

मी बघतच राहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हा माणूस स्वतःसाठी बोलत होता. काय देखणा दिसत होता!

"करूही नकोस," मी म्हटलं. "मला दया करणारा नको. माझ्याशी बरोबरीने भांडणारा हवा. आवडतोस तू मला… कळतंय का काही?"

तो तितक्याच रागाने म्हणाला, "हे कँटीनमध्ये सांगता आलं नसतं? मी उगाच दाढ वाया घालवली!"

"तू तरी कुठे बोललास?"

"तू बोलू देतेस कुठे!"

आम्ही भांडतच रस्ता ओलांडला. मधेच एक गाडी अंगावर आली आणि त्याने माझा हात धरून मागे ओढलं. पलीकडे पोचलो तरी त्याचं भांडण संपलं नव्हतं, आणि हातही त्याने सोडला नव्हता. मीही सोडवून घेतला नाही.