तिसरे मत

"रडलात, की डुलकी लागली होती?"

चित्रपटगृहाच्या जिन्यावर डोळे टिपत उभ्या असलेल्या तिने चमकून मागे पाहिले. आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या तीन परीक्षकांपैकी ती एक, व्यवसायाने संकलक. विचारणारा अनोळखी होता, आणि डोळे त्याचेही लाल होते.

"परीक्षकांना रडायची परवानगी नसते," ती म्हणाली.

"मग डुलकीच म्हणू. मी कुठे बोलणार नाही."

पुढे दोन खेळांच्या मध्ये जिन्यावर भेटण्याची दोघांना सवयच जडली. तो मिश्कील बोले, ती हसू दाबी... आणि तो दिसेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसे.

मग एका सकाळी स्पर्धेतील चित्रपटाचा दिग्दर्शक म्हणून तोच रंगमंचावर आला. चित्रपट असा, की श्वास घेण्याचे भान राहू नये.

"आधी का नाही सांगितलंत?" खेळ सुटल्यावर तिने विचारले.

"बोलणंच टाकलं असतंत..." तो ओशाळला. "वडिलांनी एवढी एकच संधी दिलीय. बक्षीस आण, नाहीतर आपल्या कारखान्यावर ये, म्हणालेत."

निवडीच्या बैठकीत तिने काहीही न लपवता परीक्षक मंडळाच्या अध्यक्षबाईंना सारे सांगितले. बाईंनी चष्मा काढला.

"हे बघ पोरी, नुसतं कौतुक असेल, तर मत दे. प्रेम असेल, तर बाहेर बस."

ती क्षणभर घुटमळली... आणि बाहेर जाऊन बसली. आत उरलेल्या दोघांची मते विभागली. नियमाप्रमाणे अध्यक्षबाईंचा कौल अंतिम ठरला, आणि तो दुसऱ्या चित्रपटाला होता.

पारितोषिके वाटून झाली, टाळ्या विरल्या, तेव्हा तो जिन्यावर आला.

"तुम्हालाही नाही आवडला?"

"सगळ्यांत तोच चांगला होता."

"मग मत—"

"मी दिलंच नाही. आपल्या माणसाला मत देता येत नाही."

"आपल्या माणसाला? मला कुणी सांगितलं नाही ते!"

"मलाही त्या बैठकीतच कळलं..." ती म्हणाली. "तुम्हाला सांगायच्या आधी अध्यक्षबाईंना सांगावं लागलं."

तो कठड्याला टेकला. मग हसला, डोळ्यांनी मात्र दगा दिला.

"हरल्याचं दुःखही धड करू देत नाही तुम्ही," तो म्हणाला. "कारखान्यावर फोन आहे. यंत्रांच्या घरघरीत नीट ऐकू येत नाही, पण... मोठ्यानं बोलाल ना?"

तिने मान डोलावली. साधे 'हो' म्हणण्याइतकाही आवाज तेव्हा तिच्यापाशी उरला नव्हता.